जवळपासची माणसं

मी पनवेलला टाइल्सच्या दुकानात काम करते. दुकान महामार्गाला लागून आहे, मोठं आहे, आणि सोमवार ते रविवार तिथे जोडपी येतात, फक्त मंगळवारी आम्ही बंद असतो. कुणी उलव्यात नवीन फ्लॅट घेतलेला असतो, कुणी खारघरला जुनं बाथरूम फोडलेलं असतं. भिंतीवर लावलेल्या नमुन्यांसमोर उभं राहून ती भांडतात. नवऱ्याला पांढरी हवी असते; बायको म्हणते, पांढरीवर डाग दिसतात, रोज पुसणार कोण? मग दोघं माझ्याकडे बघतात. मी मधलं काहीतरी सुचवते, फिकट राखाडी किंवा बदामी, आणि बहुतेक वेळा तेच ठरतं. इतक्या वर्षांत मी किती संसारांची अशी भांडणं मिटवली असतील, देव जाणे.

माझा स्वतःचा संसार कधीच मोडला होता. मूल नव्हतं, त्यामुळे मोडायला फार वेळही लागला नाही. नवीन पनवेलमध्ये एका खोलीचा फ्लॅट, एक भाऊ नाशिकला, एवढाच माझा पसारा. भाऊ दर वर्षी एखाद्या विवाह मंडळाचा नंबर पाठवायचा. मंडळवाले आधी फी घ्यायचे आणि मग अशी स्थळं पाठवायचे की ज्यांना बायकोपेक्षा आईला उचलून बसवणारं माणूस हवं असायचं. एकाने तर पहिल्याच फोनवर विचारलं, "तुम्हाला इंजेक्शन देता येतं का?" त्यानंतर मी भावाला सांगितलं, आता नंबर पाठवू नकोस.

मोबाइलवर ॲप टाकायची कल्पना माझी नव्हती. दुकानात नमुने काढून दाखवायला, ठेवायला आणि आम्हा सगळ्यांवर नजर ठेवायला एक बाई आहेत. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, बेलपाड्याच्या. खारघर उभं राहिलं त्या जमिनीत त्यांच्या सासऱ्यांची शेती होती. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना आम्ही मागच्या गोदामात डबे खातो. तिथे त्या एकदा म्हणाल्या, "माज्या पुतनीनं फोनवरच नवरा शोदला. चांगला हाय पोरगा. तू पन टाक ना बाय. फुकट हाय. नाय पटलं तर काडून टाक."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "हसतंस काय? घरी जाऊन भिंतीशी बोलतंस, ते चालतंय तुला?"

त्याच आठवड्यात मी ॲप टाकलं.

फुकट या शब्दाचा अर्थ मला नंतर कळत गेला. पहिल्या ॲपने नाव, वय, उंची सगळं विचारून घेतलं आणि मग कार्डचा नंबर मागितला. दुसऱ्याने सांगितलं की नऊ जणांना तुम्ही आवडलात, पण त्या नऊ जणांचे चेहरे धुक्यात ठेवले. धुकं हटवायचं तर पैसे भरा. तिसरं खरंच फुकट होतं. तिथे कुणालाही कुणाशीही बोलता येत होतं, आणि कुणीही कुणाशीही बोलत होतं. प्रत्येक फोटोखाली अंतर लिहिलेलं असायचं. तुमच्यापासून दोन किलोमीटर. चार किलोमीटर. कर्नाळ्याच्या किल्ल्यासमोर गॉगल लावून उभे असलेले पुरुष, दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभे असलेले पुरुष, वाघाचा फोटो लावलेले पुरुष. भाजी घेताना मला वाटायचं, आत्ता माझ्या शेजारी कोथिंबिरीची जुडी निवडणारा हा माणूस त्यातलाच असेल का?

मी खरंखुरं लिहिलं होतं. वय सेहेचाळीस, घटस्फोटित, टाइल्सच्या दुकानात नोकरी, ओळख करून घ्यायला आवडेल. फोटोही खरा, दुकानाच्या मागच्या अंगणात काढलेला.

पहिला माणूस जहाजावरचा अधिकारी होता. निदान तसं म्हणत होता. भाषा थोडी विचित्र होती, पण मी म्हटलं, वर्षानुवर्षं समुद्रावर राहणाऱ्याची अशीच असेल. तो मला रोज सकाळी फुलं पाठवायचा, फोटोतली. घर खारघरला आहे म्हणाला. मी विचारलं, खारघरला कुठे? त्याने लिहिलं, समुद्रकिनाऱ्याजवळ, बाल्कनीतून लाटा दिसतात.

डबा खाताना मी ते वाचून दाखवलं. बेलपाड्याच्या बाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "खारघरला कुठला समिंदर आला? आमच्या दारात खाडी व्हती, ती पन बुजवली मेल्यांनी. इचार त्याला, लाटा कुटल्या दिसतात?"

मी विचारलं. त्या दिवसापासून फुलं बंद झाली.

मग बाईंनीच नियम घालून दिले. आधी व्हिडिओवर चेहरा बघायचा. जो कॅमेरा बिघडलाय म्हणतो त्याला सोडायचं. भेटायचं ते दिवसा, गर्दीच्या हॉटेलात. घरचा पत्ता द्यायचा नाही, फोनवर आलेला कुठलाही आकडा सांगायचा नाही. "आनि मी बाजूच्या टेबलावर बसनार," त्या म्हणाल्या. "तू जा बाय, मी हाय ना."

नियम चांगले होते. पण नियम पाळून माणसं चाळायचं काम फार थकवणारं असतं हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं. मी कोण, काय करते, लग्न का मोडलं, मूल का नाही. पहिल्यांदा सांगायला मला तासभर लागला होता. पाचव्या-सहाव्या वेळी ते सगळं मी दुकानात टाइलची माहिती सांगते तसं सांगू लागले: ही घसरत नाही, हिच्यावर डाग बसत नाहीत. समोरचा ऐकून घ्यायचा आणि दोन दिवसांनी गायब व्हायचा. किंवा विचारायचा, एकटी राहता का? या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं तरी पुढचा प्रश्न कोणता येणार ते मला कळायला लागलं होतं.

त्यातून एक जण बरा निघाला. उलव्यात राहणारा, बंदरातल्या मालाच्या कंपनीत नोकरी. व्हिडिओवर दिसला, नीट बोलला. बायको दोन-तीन वर्षांपासून साताऱ्याला माहेरी असते म्हणाला, कागदपत्रं व्हायची आहेत. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला, पण इतके चेहरे बघून झाले होते की सगळेच ओळखीचे वाटत होते. मी त्याला फक्त सेल्समध्ये आहे असं सांगितलं होतं. खऱ्या माहितीतली दुकानाची ओळ मी तोवर काढून टाकली होती. त्याने माझ्यासाठी मंगळवारची रजा घेतली. एसटी स्टँडजवळच्या एका उडुप्याकडे आम्ही भेटलो.

बाई ठरल्याप्रमाणे बाजूच्या टेबलावर इडली घेऊन बसल्या. तो निळ्या शर्टात आला होता, केस नुकतेच कापलेले. एकट्याने स्वयंपाक करायला शिकलो, असं सांगत होता. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की डाळ होते, हेसुद्धा मला युट्यूबने सांगितलं, म्हणाला. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी बोलण्यावर मला खरंच हसू आलं होतं.

तेवढ्यात बाई उठल्या आणि माझ्या खांद्याला घासून हात धुवायला गेल्या. जाताना मला डोळ्यांनी खूण केली. मी मागोमाग गेले.

"अगं बाय, हा आपला गिऱ्हाईक हाय," त्या बेसिनचा नळ मोठा सोडून म्हणाल्या. "गनपतीच्या आदी आलता. बायको नाय का ती, पोपटी पंजाबी ड्रेसवाली? चार खेपा मारल्या तिनं. स्वयंपाकघराच्या टाइल्सला."

मला ती लगेच आठवली. हसरी, चौकस, प्रत्येक नमुना उन्हात नेऊन बघणारी. नवरा मात्र आठवत नव्हता. तो सगळा वेळ खुर्चीत बसून मोबाइल बघत होता, हे आठवलं. तेव्हाही बहुधा तेच ॲप बघत असेल.

मी टेबलाशी परत आले, बसले आणि विचारलं, "स्वयंपाकघराच्या टाइल्स बसवून झाल्या का तुमच्या?"

त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाजूच्या टेबलावर बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"तुम्ही त्या दुकानात..."

"हो."

त्याने चमच्याने चटणी हलवली. मग म्हणाला, "घरात आम्ही एकमेकांशी बोलतच नाही. तुम्हाला खोटं वाटेल."

"खरंही असेल," मी म्हणाले. "पण ते आधी तिच्याशी बोला."

मी उठले. रिक्षात बाई त्याला शिव्या घालत होत्या. मला राग येत नव्हता. एखादं जड खोकं तिसऱ्या मजल्यावर नेल्यावर कळावं की पत्ता चुकलाय, तसा फक्त शीण आला होता.

त्याच्याबद्दल मी ॲपकडे तक्रार केली. कळवल्याबद्दल धन्यवाद, आम्ही तुमच्या सुरक्षिततेला महत्त्व देतो, असा तयार मजकूर आला. त्याचा फोटो तिथेच राहिला. पुढे त्यानेच मला ब्लॉक केलं, त्यामुळे आहे की गेला ते मला कळायचं बंद झालं.

काही दिवसांनी त्याची बायको दुकानात आली. बसवताना दोन टाइल्स फुटल्या होत्या, त्याच छटेच्या हव्या होत्या. नेमकी तीच छटा मिळणं अवघड असतं. मी गोदामात जाऊन बराच वेळ शोधत राहिले, खरं म्हणजे बाहेर यायला वेळ लावत होते. बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"सांगू का तिला?" मी विचारलं.

"काय सांगशील? दोन इडल्या खाल्ल्या म्हनून?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिला ठाव असंल नायतर नसंल. तुज्या तोंडून कळलं तर ती तुलाच धरंल."

मी टाइल्स घेऊन बाहेर आले. ती नमुना जुळवून बघत म्हणाली, "ह्यांना म्हटलं होतं तुम्ही घेऊन या. एका मंगळवारी रजाही घेतली होती त्यांनी, पण त्या दिवशी नेमकं तुमचं दुकान बंद."

मी मान हलवली. टाइल्स फुटू नयेत म्हणून दोन्हींच्या मध्ये पुठ्ठा घातला, दोरीने बांधून दिलं. ती आभार मानून गेली. त्या मंगळवारचं मी तिला सांगितलं नाही, आणि ते बरोबर केलं का, हे आजही मला सांगता येत नाही.

त्यानंतर कित्येक महिने मी ॲप उघडलं नाही. मग एकदा पाय मुरगळून घरी पडले होते, करायला काही नव्हतं म्हणून उघडलं. दुकानाची ओळ मी पुन्हा लिहिली. आता लपवायचा कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी एक निरोप आला.

"तुम्ही टाइल्सच्या दुकानात आहात असं लिहिलंय. माझ्या बाथरूममधली एक फरशी पाय ठेवला की डुगडुगते. सगळी फरशी काढावी लागेल का? ओळख करून घ्यायची ही रीत बरी नसेल तर माफ करा."

मी लिहिलं, सगळी काढू नका, एकच उचलून खालचा सिमेंटचा माल बदला. त्याने आभार मानले आणि फरशी बसवून झाल्यावर फोटो पाठवला. फरशीचा. स्वतःचा फोटो त्याने मी मागितल्यावर पाठवला. सत्तावन्न वर्षांचा विधुर, पाताळगंगेच्या बाजूला एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होता, नुकताच निवृत्त झालेला. आडनावाच्या शेवटी 'कर', मराठी अगदी जुन्या वळणाची, स्वच्छ. राहायला जुन्या पनवेलमध्ये, माझ्यापासून तीन किलोमीटरवर.

महिनाभर आम्ही बोलत होतो. सगळं ठीक होतं, एक गोष्ट सोडून. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन बंद व्हायचा तो शनिवारी दिवेलागणीनंतर चालू व्हायचा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी गोदामात बाईंना सांगितलं.

"आटवड्याला एक दिस बायकोचा," बाई म्हणाल्या. "दुसरी कुठंतरी ठेवली असंल. शुक्रवारी जात असंल तिच्याकडं."

मलाही तसंच वाटत होतं. वाईट वाटायलाही अंगात बळ लागतं, आणि तेवढं माझ्यात उरलं नव्हतं. मी ठरवलं, भेटायचं, तोंडावर विचारायचं आणि ॲप काढून टाकायचं.

मंगळवारी सकाळी वडाळे तलावावर भेटलो. बाई पुढच्या बाकावर शेंगदाणे घेऊन बसल्या. तो फोटोतल्यापेक्षा बारीक होता, हातात छत्री होती. बसल्याबरोबर मी विचारलं, "शुक्रवारी संध्याकाळपासून तुम्ही कुठे असता?"

"घरी," तो म्हणाला.

"मग फोन?"

त्याला हसू फुटलं. "अहो, शब्बाथ असतो. मी बेने इस्रायली आहे. ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत आम्ही काम करत नाही. मिसेस होत्या तोवर मी एवढं पाळत नसे, त्या पाळायच्या. त्या गेल्यापासून पाळतो."

"मग ॲपवर लिहिलं का नाही?"

"लिहिलं होतं. एकीने विचारलं, म्हणजे जैन का? दुसरीने लिहिलं, मग तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता? म्हटलं, बाई, आमच्या कितीतरी पिढ्या कोकणात गेल्या, दुसरं काय बोलणार? मग ती ओळ काढूनच टाकली."

पुढच्या बाकावरून बाई उठून आल्या. आता लपण्यात अर्थ नव्हता. "शनवारतेली का तुमी?" त्यांनी विचारलं. "माजा आजा सांगायचा. शनवारी तेलाचा घाना बंद ठेवायचे. लई सचोटीचे लोक, म्हनायचा."

"तेच आम्ही," तो म्हणाला आणि सरकून त्यांना बसायला जागा केली. बाईंनी त्याला शेंगदाणे दिले. अर्धा तास त्या दोघांचंच बोलणं चाललं होतं, तेलाच्या घाण्यांबद्दल, खाडीतल्या माशांबद्दल. मी तलावाकडे बघत बसले होते. कुणी मला काही विचारत नव्हतं, आणि ते मला फार बरं वाटत होतं.

त्यानंतर मंगळवारी आम्ही भेटायला लागलो. बाई दोनदा आल्या, मग म्हणाल्या, आता माजं काय काम नाय. तो काही लपवत नसे. मुलगी इस्रायलला, भाऊ तिकडे, मेहुणे तिकडे. सणाच्या प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात, ते जमवायचे तर कधी कधी अलिबागहून, ठाण्याहून माणसं बोलवावी लागतात. मुलगी सारखी म्हणते, बाबा, तुम्ही या. नातवंडं हिब्रू बोलतात. त्यांना तो हातवाऱ्यांनी गोष्टी सांगतो.

"मला लग्नच करायचंय असं नाही," त्याने एकदा स्पष्ट सांगितलं. "घरात मराठी बोलणारं कुणी राहिलं नाही. दिवसभर बोललो नाही की संध्याकाळी आवाज घोगरा येतो. तुम्हाला लग्न हवं असेल तर माझ्यावर वेळ घालवू नका."

मी विचार करून म्हणाले, "मला काय हवंय ते मला आता आठवत नाही." ते खरं होतं. तो म्हणाला, "बरं, घाई नाही," आणि आम्ही तलावाला आणखी एक फेरी मारली.

ज्यूंच्या नवीन वर्षाला त्याने मला आणि बाईंना घरी बोलावलं, नारळाच्या दुधातला हलवा खायला घातला. बायकोच्या हातचा गव्हाच्या चिकाचा हलवा याहून मऊ व्हायचा, हेही सांगितलं. निघताना मी सहज बाथरूममध्ये जाऊन ती फरशी बघितली. चांगली बसली होती.

पावसाळा संपता संपता तो मुलीकडे गेला. गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच करून घ्या, असा मुलीचा हट्ट होता. जायच्या आधी म्हणाला, "परत येणार म्हणून तिकीट काढलंय. पण वचन देत नाही. तिथे गेल्यावर मुलगी काय म्हणेल, गुडघा काय म्हणेल..."

"नका देऊ वचन," मी म्हणाले. "मला कुणाच्या वचनावर लक्ष ठेवायचा आता कंटाळा आहे."

तो गेला त्या आठवड्यात मी ॲप काढून टाकलं. का काढताय, असं ॲपने विचारलं आणि खाली पर्याय दिले. कुणीतरी भेटलं, कुणीच भेटलं नाही, दोन्ही होते. मी 'इतर' दाबलं.

दुकानात आता एखादी एकटी बाई घरासाठी टाइल्स बघायला आली की बेलपाड्याच्या बाई तिच्याशी बोलत बसतात, आणि हटकून माझ्याकडे बोट दाखवतात. त्या बायका मला हळूच विचारतात, कुठलं ॲप चांगलं? फुकटातलं? भरवशाचं? मी त्यांना बाईंचे नियम सांगते. चेहरा बघा, दिवसा भेटा, बाजूच्या टेबलावर कुणाला तरी बसवा. याहून जास्त भरवशाचं मला काही सापडलं नाही.

तिकीट त्याने एकदा पुढे ढकललं आहे. गुडघा बरा आहे, मुलगी सोडत नाही. दर रविवारी सकाळी, मी दुकानात जायच्या आधी, त्याचा फोन येतो. गेल्या रविवारी मी थकले होते. आदल्या दिवशी एका जोडप्याने चार तास घेऊन काहीच घेतलं नव्हतं. त्याला ते सांगताना मध्येच माझा आवाज बसला.

"तू आधी पाणी पी," तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत आम्ही एकमेकांना तुम्ही सोडून काही म्हटलं नव्हतं. बोलून गेल्यावर ते त्यालाही कळलं असावं. मी उठून पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि उरलेलं सांगितलं.